बाबांसाठी एक शब्द हवा आहे

पत्र:

माझे वडील येत्या मार्गशीर्षात पंच्याहत्तर वर्षांचे होतील. कराडजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. जुने विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार आहेत. छोटी स्मरणिकाही निघणार आहे आणि त्यातली दोन पानं मुलगी म्हणून मी लिहायची आहेत. महिना झाला, पहिल्या ओळीपुढे सरकत नाही, कारण बाबांचं वर्णन करायला शब्दच सापडत नाही.

बाबांचं एकदा मत झालं की झालं. सगळ्यात पक्कं मत कर्जाबद्दलचं. आजोबांची अडीच एकर जमीन सावकाराकडे गेली तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. ‘कर्ज काढणारा स्वतःच्या घरात भाडेकरू असतो’ हे त्यांचं वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. चार वर्षांपूर्वी आम्ही वीस वर्षांचं गृहकर्ज काढून चिंचवडला फ्लॅट घेतला. बाबा वास्तुशांतीला आले नाहीत. आजवर घरात पाऊल टाकलेलं नाही. दर दोन महिन्यांनी कराडहून एसटीने येतात, खाली सोसायटीच्या बाकावर बसतात, नातीशी गप्पा मारतात, आईने दिलेला डबा माझ्या हातात ठेवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. ‘हप्ते संपले की वर येईन’ म्हणतात. हप्ते संपतील तेव्हा ते एक्क्याण्णव वर्षांचे असतील.

दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर मी चिडून म्हणाले, ‘बाबा, तुम्ही दुराग्रही आहात.’ ते काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून नातीच्या वाढदिवसाच्या पाकिटावर ‘दुराग्रही आजोबांकडून’ असं लिहितात.

भाऊ म्हणतो ‘करारी’ लिही. आत्या म्हणते ‘तत्त्वनिष्ठ’. चुलतभाऊ कौतुकाने ‘कट्टर’ म्हणतो. माझे यजमान भोपाळचे, त्यांचं म्हणणं ‘कर्मठ आणि जिद्दी’ लिही. मला खोटं लिहायचं नाही आणि पुन्हा दुखवायचंही नाही. कुठला शब्द वापरू?

एक मुलगी, चिंचवड

उत्तर:

ताई,

पाकिटावरची ती ओळ वाचली आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. तुम्ही रागात बोललेला शब्द बाबांनी स्वतःच्या नावाआधी लावून घेतला आणि दोन वर्षं तो उतरवलेला नाही. म्हणून स्मरणिकेचं नंतर बघू. आधी त्या शब्दापाशी बसू.

‘दुराग्रह’च्या पोटात ‘ग्रह’ आहे. संस्कृतात या धातूचा अर्थ धरणं, पकडणं. संग्रह, निग्रह, अनुग्रह, पूर्वग्रह, आग्रह, हे सगळे त्याच मुठीतून निघालेले शब्द. आग्रह म्हणजे घट्ट धरणं, आणि त्यात वाईट काहीच नाही. आपल्याकडे तर आग्रहाशिवाय पंगत उठत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला नाव हवं म्हणून गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांकडून शब्द मागवले, तेव्हा मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. धरणं तेच. काय धरलंय त्यावरून नाव बदललं. आणि काय धरलंय ते चांगलं की वाईट, हे ठरवतो बोलणारा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं त्याला आपण सत्याग्रह म्हणतो, पण त्या दिवशी विरोधात उभ्या असलेल्यांना तो दुराग्रहच वाटत होता.

तेव्हा बाबांना तुम्ही एका दमात दोन गोष्टी बोललात. तुम्ही फार घट्ट धरता, ही एक. आणि तुम्ही जे धरलंय ते वाईट आहे, ही दुसरी. पहिली त्यांना ठाऊक असणार, बत्तीस वर्षांत कुणीतरी नक्की ऐकवली असेल. लागली ती दुसरी. त्यांच्या मुठीत काय आहे ते तुम्हीच लिहिलंय: दहा वर्षांच्या मुलाने पाहिलेली, हातातून गेलेली अडीच एकर. त्याच्याआधी तुम्ही ‘दुर्’ लावलात.

त्या अडीच एकरांमागे मोठा इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि तिथून पसरलेल्या त्या दंग्यांत लोकांचा सगळा रोख खतपत्रं आणि कर्जरोखे यांच्यावर होता. हाती लागले ते त्यांनी जाळले. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना थोडंफार संरक्षण देणारा कायदा आला. १९४६ साली मुंबई प्रांताने सावकारीवर आणखी एक कायदा केला. एवढं होऊनही तुमच्या आजोबांची जमीन गेलीच. ज्या घराने हे पाहिलं त्या घरात ‘कर्ज’ हा शब्द आपण बँकेच्या फॉर्मवर लिहितो तसा निर्विकार उच्चारला जात नाही. तुमचं गृहकर्ज आणि तो सावकारी पाश यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक न मानणं ही बाबांची चूक आहे असं मला स्पष्ट वाटतं. पण चुकीचं मत आणि वाईट मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दुराग्रही’ हा शब्द म्हणूनच इथे चुकला.

आता दुसरे शब्द. मराठीत या स्वभावासाठी शब्दांची ददात नाही. अडचण ही की आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो.

‘हट्टी’ मी लगेच बाजूला ठेवते. हट्ट असतो तो वस्तूचा किंवा इच्छेचा, मताचा सहसा नसतो. बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट असं त्रिकूट आपल्याकडे सांगतात. (त्यात बायकांना बसवणाऱ्यांचा मला शाळेपासून राग आहे.) या तिघांत समान काय, तर कारण द्यायची गरज नाही असं मानलेलं. ‘हवं म्हणजे हवं.’ तुमचे बाबा कारण देतात. पटो न पटो, देतात.

‘हेकेखोर’ याच्या जवळचा, पण जास्त कडू. हेका धरणारा. ‘खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा, आणि मराठीत तो जिथे लागतो तिथे बहुतेक वेळा खोड दाखवतो: भांडखोर, चुगलखोर. हेकेखोर माणसाला विषय कुठलाही चालतो. आज चहात आलं घालावं की नाही, उद्या गाडी कुठल्या रस्त्याने न्यावी. त्याला आपलंच घोडं दामटायचं असतं. म्हणून ज्याचं एकाच गोष्टीवर पक्कं मत आहे त्याला हेकेखोर म्हणणं अन्याय आहे. हा अन्याय मी स्वतः केलाय, तो सांगते.

मी शाळेत नवी होते तेव्हा आमच्याकडे एक ज्येष्ठ गुरुजी होते. ते फळ्यावर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असं सगळ्या टिंबांसकट लिहायचे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. तरी ते लिहायचे. शिक्षकखोलीत मी त्यांना त्यांच्यामागे हेकेखोर म्हणाले, आणि ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावलं, फळ्यावर ‘नांव’ लिहिलं आणि टिंबावर खडू टेकवून म्हणाले, ‘इथे नाम मधला म आहे. ग्राम मधला गांवात आहे. तो कुठे गेला ते विसरू नये म्हणून मी लिहितो.’ मग पेपरांचा गठ्ठा पुढे ठेवला. मुलांनी नव्या नियमाने लिहिलेल्या एकाही शब्दाचा गुण त्यांनी कापला नव्हता. स्वतः जुनं लिहिलं, मुलांकडून नवं घेतलं. त्या दिवसापासून ‘आग्रही’ आणि ‘हेकेखोर’ हे शब्द माझ्यासाठी एकमेकांपासून कायमचे सुटले. कारण विचारलं तर सांगता येतं का, आणि आपल्या मताची किंमत आपण स्वतः भरतो की दुसऱ्याला भरायला लावतो, एवढ्या दोन गोष्टी मी तेव्हापासून बघते.

तुमच्या बाबांना याच दोन गोष्टी लावून बघा. कारण ते सांगतात. आणि किंमत? तुमचा फ्लॅट त्यांनी अडवला नाही. कागदपत्रांत खोडा घातला नाही, आईला तुमच्याविरुद्ध उभं केलं नाही. तसं केलं असतं तर मी ‘आडमुठे’ म्हटलं असतं. आडमुठेपणा म्हणजे आपल्या ताठ्यापायी दुसऱ्याचं काम अडवणं. संपाच्या बातम्यांत ‘आडमुठी भूमिका’ वाचतो ती याच अर्थाने. ‘अडेलतट्टू’ही तोच, तट्टू स्वतःही चालत नाही आणि मागच्यांची वाटही मोकळी ठेवत नाही. बाबांनी वाट अडवली नाही. ते बाजूला बाकावर जाऊन बसले. बहुतेक किंमत ते स्वतः देतायत: कराड ते चिंचवड एसटीचा प्रवास, तोही पंच्याहत्तरीला आलेल्या गुडघ्यांनी, आणि लेकीच्या घरचा चहा नाही. पण सगळीच किंमत ते देत नाहीत. काही तुम्ही देताय, काही तुमची लेक देते. आजोबा खालीच का बसतात, हे तिला कुणीतरी कधीतरी समजावलंच असेल ना. हा हिशेब मी बाबांना माफ करणार नाही.

आता घरच्यांनी सुचवलेले शब्द.

यजमानांचे दोन्ही शब्द हिंदीतून बरोबर आहेत आणि मराठीत दोन्ही फसतील, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा. ‘कर्मठ’ मूळ संस्कृतात कामात झटून राहणारा. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलंय. हिंदीने तोच अर्थ ठेवला. म्हणून भोपाळमध्ये ‘कर्मठ शिक्षक’ म्हणजे मान. मराठीत मात्र ‘कर्म’ म्हणजे सोवळं-ओवळं, व्रतवैकल्य असं धरलं गेलं आणि ‘कर्मठ’ म्हणजे कर्मकांडाला चिकटलेला. कराडच्या सत्कारात तो शब्द छापलात तर गणिताच्या मास्तरांनी आयुष्यभर काय सोवळं पाळलं, असं लोक विचारतील. ‘जिद्दी’ची गंमत नेमकी उलटी. मूळ अरबी शब्दात विरोधाचा भाव आहे, आणि हिंदीत ‘जिद्दी बच्चा’ म्हणजे हट्टी मूल. मराठीने मात्र त्याच शब्दाला डोक्यावर घेतलं: जिद्दीने शिकली, जिद्दीने उभी राहिली. बाबांच्या शिकण्याबद्दल, नोकरीबद्दल लिहाल तिथे ‘जिद्द’ जरूर येऊ द्या. कर्जाच्या मतापाशी तिचा उपयोग नाही.

‘कट्टर’ नको. कट्टर माणसाला एक बाजू लागते आणि समोर शत्रू लागतो: कट्टर समर्थक, कट्टर विरोधक, कट्टर वैरी. हल्ली हा शब्द लोक बिल्ल्यासारखा छातीवर लावतात, मला ते बघवत नाही. घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर याच जातीचे शब्द एकमेकांना मारायला वापरतात. इकडून ‘अंधभक्त’, तिकडून ‘फुरोगामी’. असा शब्द टाकला की पुढचं बोलणंच संपतं, समोरच्याला उत्तर देण्यासारखं काही उरत नाही. तुमचे बाबा कुठल्या कळपात नाहीत. सबंध गावाने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं असेल तेव्हाही ते एकटेच असणार.

‘पोथीनिष्ठ’ आणि ‘झापडबंद’ हे दोन चांगले नेमके शब्द आहेत, पण ते ज्याने जग पुस्तकातून पाहिलं त्याच्यासाठी. बाबांनी आपलं मत वाचून घेतलेलं नाही. ‘एककल्ली’ म्हणजे एकाच नादात असलेला, त्यात लहरीपणा येतो. ‘एकारलेला’ मला आवडतो, पण तो विचारांना शोभतो, माणसाला लावला की आजारपणाचा वास येतो. ‘वितंडवादी’ही काही लोक अशा माणसाला म्हणतात आणि तो तर साफ उलटा शब्द आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं ती वितंडा. ज्याच्याकडे मतच नाही तो वितंडवादी. तुमच्या बाबांकडे मत जरा जास्तच आहे.

राहिले भावाचा ‘करारी’ आणि आत्याबाईंचा ‘तत्त्वनिष्ठ’. करारीच्या मुळाशी अरबी ‘करार’ आहे, स्थिर असणं, ठरलेलं असणं. शब्दाला जागणारा, दरारा असलेला, वर्गात शिरला की आवाज थांबतो असा माणूस. विद्यार्थ्यांच्या आठवणींत हा शब्द येईलच, त्यांना वापरू द्या. तुम्ही तो मुलगी म्हणून वापरलात तर बाकाची गोष्ट झाकण्यासाठी वापरल्यासारखं होईल, आणि तुम्हाला खोटं लिहायचं नाही. ‘तत्त्वनिष्ठ’बद्दल एक गोष्ट घरात विचारा. बाबांनी स्वतःचं घर कसं बांधलं? आधी एक खोली, मग चार वर्षांनी पडवी, मग पत्र्याच्या जागी स्लॅब, आणि प्रत्येक वेळी हातात पैसे आल्यावरच? तसं असेल तर कर्ज न काढणं हे त्यांचं स्वतःपुरतं तत्त्व होतं आणि ते त्यांनी निष्ठेने पाळलं, हे लिहायला काहीच हरकत नाही. फक्त तिथेच थांबा. स्वतःला लावलं तोवर ते तत्त्व होतं. लेकीच्या उंबरठ्याला लावलं तेव्हा त्याचं काहीतरी दुसरं झालं.

त्या दुसऱ्याला मी ‘ताठर’ म्हणेन.

‘ताठ’ आणि ‘ताठर’ यांच्यात एका ‘र’चा फरक आहे. ताठ कणा, ताठ मान, या मानाच्या गोष्टी. ताठर होतो तो बरेच दिवस न वाकवलेला सांधा. त्यात दोष आहे पण पाप नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कायमचा नसतो. शेक दिला, हलवला तर मोकळा होतो. हेकेखोर, आडमुठा, दुराग्रही हे शब्द अख्ख्या माणसावर बसतात. ताठर हा शब्द एका सांध्यापुरता वापरता येतो. ‘बाबा ताठर आहेत’ असंही लिहू नका. ‘कर्जाबद्दलचं बाबांचं मत ताठर आहे’ असं लिहा.

कुणाला असा शब्द लावताना मला र. धों. कर्व्यांची आठवण ठेवावीशी वाटते. तेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या प्रचारापायी नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना मोकळी उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. मी स्वतः वाचकांच्या पत्रांना उत्तरं लिहिते, त्यामुळे हा खटला माझ्या फार जवळचा आहे. कर्व्यांनी एक तसूभर माघार घेतली नाही. त्यांच्या काळातल्या कितीतरी भल्या माणसांच्या लेखी ते विक्षिप्त होते, आणि आज आपण त्यांना द्रष्टे म्हणतो. फरक कुठे होता? न हटण्यात नव्हता, न हटणारे त्यांचे विरोधकही होते. कर्वे प्रश्न मागवत होते. उत्तरात कारणं देत होते. तुकोबांनी ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ म्हटलं, त्यातला ‘ग्वाही’ हा शब्द मी फार वेळा मनात घोळवलाय. ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात. ठाम माणसाला ते विचारता आले पाहिजेत.

तुम्ही बाबांना कधी विचारलेत का? पत्रात तरी दिसलं नाही. भांडण दिसलं, मनधरणी दिसली.

मराठीत मत सांगायच्या दोन रीती आहेत. ‘मला वाटतं’ म्हणतो तेव्हा वाटणारी गोष्ट आपल्यापाशी येते, आपण फक्त तिचं ठिकाण. आणि ‘माझं मत आहे’ म्हणतो तेव्हा ती आपल्या मालकीची होते, सातबाऱ्यावर चढते. ज्यांची खरी जमीन गेली, त्यांनी मतं जमिनीसारखी धरून ठेवली तर मला नवल वाटत नाही. असहमतीसाठीही आपल्याकडे अतिशय सौम्य क्रियापद आहे, पटणं. ‘मला पटत नाही’ या वाक्यात समोरच्यावर कुठलाच आरोप नाही. ‘तुम्ही दुराग्रही आहात’ म्हणण्याऐवजी ‘बाबा, घरी न येणं मला पटत नाही, आणि मला त्याचा त्रास होतो’ एवढंच म्हणाला असतात तर त्यांना पाकिटावर लिहायला शब्द सापडला नसता.

आता काय करायचं ते.

पुढच्या खेपेला ते आले की त्यांना वर बोलावू नका. तुम्हीच वही आणि पेन घेऊन खाली जा आणि त्यांच्याकडून गणित करून घ्या. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून उदाहरणादाखल सांगते. ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ६,३८० रुपयांचं. चार वर्षांत साडेसोळा लाखांहून जास्त भरूनही मुद्दल साधारण ३ लाख ६३ हजारांनीच कमी होतं. हा आकडा बाबांच्या हाताने वहीत उतरला की तुम्हाला कळेल, ‘भाडेकरू’ हे त्यांचं वाक्य अगदीच हवेतलं नव्हतं. ते त्यांना बोलून दाखवा. ज्याचं म्हणणं एकदा तरी कुणी पूर्ण ऐकलं आणि त्यातलं खरं तेवढं मान्य केलं, त्याला मूठ सैल करणं सोपं जातं.

मग दुसरं गणित घाला. याच उदाहरणात इथून पुढे दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर उरलेल्या सोळा वर्षांतली जवळजवळ सव्वादोन वर्षं कमी होतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक व्यक्तीकडून दंड घेऊ शकत नाही. सावकार आणि बँक यांच्यातला हा फरक तुम्ही वाद घालून पटवलात तर पटणार नाही. त्यांनी स्वतः मांडलेल्या गणितात तो त्यांना सापडू द्या. लवकर फेडण्याचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच करून घ्या. त्याने ते वर येतील असं वचन मी देत नाही. पण मग तुमच्या कर्जात त्यांचं अक्षर असेल.

आणि वही मिटण्याआधी त्यांना एक वाक्य सांगा, स्मरणिकेत छापायच्या आधी, समोरासमोर: ‘बाबा, तो शब्द मी बोलले, त्यातला दुर् मी परत घेते. आग्रह तुमच्याकडे राहू दे.’ व्याकरण त्यांचा विषय नसला तरी हे त्यांना कळेल.

दोन पानांसाठी मी विशेषण देणार नाही. विशेषण शोधत बसलात म्हणूनच पेन अडलंय. बाक लिहा. कराडच्या गाडीची वेळ लिहा, आईचा डबा लिहा, अडीच एकर लिहा. सुरुवात अशी काहीतरी करता येईल, हवी तशी बदला:

‘बाबांनी आयुष्यात कधी कर्ज काढलं नाही. त्यांच्या वडिलांची अडीच एकर जमीन गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आम्ही कर्ज काढून घर घेतलं, तेव्हापासून ते आमच्या घरी येत नाहीत, आमच्या घराखाली येतात. या एका बाबतीत त्यांचं मत ताठर आहे आणि मला ते पटत नाही. पण चार वर्षांत एकदाही त्यांची खेप चुकलेली नाही.’

सत्काराच्या पुस्तकात असं लिहितात का, असं आत्याबाई विचारतील. विचारू द्या. मुद्रण व्हायच्या आठ दिवस आधी ही पानं बाबांना वाचायला द्या आणि त्यांच्या हातात लाल पेन द्या. एखादं वाक्य त्यांनी खोडलं तर ते काढा, वाद घालू नका. ती पानं त्यांच्या सत्काराची आहेत. ‘ताठर’वर त्यांनी काट मारली आणि वर दुसरा शब्द लिहिला, तर तो शब्द मला जरूर कळवा.